आंघोळीचा सदरा

४ नोव्हेंबर

ती. अण्णा,

नमस्कार आधी घ्या, मग पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाडा. फोन तुम्ही घेत नाही, आणि चुकून घेतलात तर माझा आवाज ऐकून ठेवून देता. म्हणून हे हाताने लिहितोय. याचा फोटो ताईच्या फोनवर जाईल, ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तो कागदावर काढून आणेल आणि तुमच्या उशाशी ठेवेल. तुम्ही तिच्यासमोर चष्मा लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. ती चहा टाकायला आत गेली की लावाल.

ताईने सगळं सांगितलं. वरच्या फळीवरचं कोटाचं कापड काढायला तुम्ही स्टुलावर चढलात. कोण गिऱ्हाईक आता शिंप्याकडे कोट शिवायला टाकतं, हे विचारत नाही, कारण त्यावरून तुम्ही आणखी चिडाल. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि डॉक्टर म्हणतात, हळूहळू उभे राहाल. इथवर सगळं ठीक आहे. पण घरी आल्यापासून तुम्ही कोणाला अंगाला हात लावू देत नाही. तोंड आणि हात तेवढे स्वतः पुसता. दवाखान्यातून ज्या सदऱ्यात आलात तोच सदरा अजून अंगात आहे. ताई काल म्हणाली, "खोलीत गेलं की वास येतो रे. आपल्या अण्णांच्या खोलीत वास! ज्यांना इस्त्री मोडलेली चालायची नाही त्यांच्या." आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी तुमच्यासमोरच बजावलंय म्हणे, की अंथरुणावर पडून असणाऱ्या माणसाची पाठ रोज कोणीतरी बघायला हवी, धुवायला हवी. तिथे जखम होऊन चिघळली तर खुब्याचं बाजूलाच राहील आणि माणूस हातचा जाईल. त्यावर तुम्ही काय म्हणालात? "पाठ माझी आहे."

मी येतो म्हटलं. तर तुमचा निरोप आला, "त्याला सांग, यायचं नाही. आला तर आतून कडी लावीन." अण्णा, कडीपर्यंत जाणार कसे?

तुमचा राग कशाचा आहे ते मी विसरलेलो नाही. मी इथे परदेशात वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायच्या कामाला लागलो, असं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी माणसं झाकून पोट भरलं. तू उघडी करून भर." त्यानंतर आपण बोललेलो नाही. वाक्य मात्र तुम्ही छान बेतलं होतं, कुठे इंचभर कापड वाया गेलं नव्हतं. मला ते रोज आठवतं, आणि रोज तितकंच लागतं.

पाठीचं मनावर घ्या. उद्या परत लिहीन. उद्या नाही जमलं तर सुट्टीच्या दिवशी.

तुमचा मुलगा


९ नोव्हेंबर

ती. अण्णा,

ताई म्हणाली की पत्र उशाशी तसंच पडलेलं आहे, हात लावलेला दिसत नाही. पण तुमचा चष्मा डबीतून निघून खिडकीत आला आहे. तेव्हा मी लिहितो, तुम्ही वाचू नका.

मी काय काम करतो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही मग रागाने सांगितलं नाही. आज सांगतो.

इथली माणसं अंगाच्या बाबतीत आपल्यासारखी नाहीत. पहिल्या दिवशी मला कामाचे कपडे दिले आणि कपडे बदलायची खोली दाखवली. आत गेलो तर बायका-पुरुष सगळे एकाच खोलीत, अर्धे उघडे, डबा काय आणलाय याच्या गप्पा चाललेल्या. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी आपला कपड्यांची घडी छातीशी धरून संडासात गेलो आणि एका पायावर उड्या मारत पँट बदलली. रोजच तसं करायला लागलो. त्यावरून माझं नाव पडलं 'संडासातले साहेब'. अजून काही जण त्याच नावाने हाक मारतात.

न्हाणीघर म्हणजे पांढऱ्या फरशीची मोठी खोली आहे. मध्ये टब, टबाला बाजूने दार, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पाय उंच करायला नको. भिंतीत हीटर. मला पहिल्यांदा दिल्या त्या बेकरीवाल्या आजी. नव्वदीला आलेल्या, सगळं आयुष्य स्वतःच्या बेकरीत भट्टीपुढे काढलेलं. मी खाली मान घालून त्यांना आत बसवलं आणि तुमच्या संस्काराला जागून एक मोठा टॉवेल त्यांच्या अंगावर पसरला, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. आत हात घालून चाचपडत साबण लावायला लागलो. टॉवेल भिजून जड झाला. आजी गारठल्या.

"काय चाललंय तुझं?" त्यांनी विचारलं.

"झाकतोय."

"का? इतकी वाईट दिसते मी?"

मी टॉवेल आणखी वर ओढला. नंतर त्यांनी मेट्रनबाईंना सांगितलं, या मुलाला माझ्याकडे परत पाठवू नका, त्याला माझी किळस येते. मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे माणसाचा मान ठेवायचा असला की झाकतात." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे किळस आली की झाकतात." आणि मला घेऊन आजींकडे गेल्या.

आजींनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरं, आता नीट बघ आणि सांग." त्या टबात बसलेल्या, अंगावर सूतभर नाही, आणि शेजारी स्टुलावर त्यांची नात सफरचंद खात परीक्षेचं काहीतरी सांगत होती. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण मान वर केली. हातांवर भट्टीचे जुने चटके होते. पोटावर बाळंतपणांच्या रेषा. सगळं अंग सैल पडलेलं, पण खांदे मात्र पिठाच्या गोण्या उचलून रुंद झालेले, अजून ताठ. "खांदे बघ," त्या म्हणाल्या. "आहेत का असे कोणाचे इथे?"

अण्णा, आपल्या घरात कोणी सुंदर दिसतं असं कधी कोणी म्हटलं नाही. आईला तुम्ही म्हटलेलं मी ऐकलं नाही. तुमची मोठ्यात मोठी शाबासकी म्हणजे 'छान बसलाय', आणि तीसुद्धा कपड्याला. त्यामुळे माझ्या तोंडून निघालं, "छान बसलेत." नातीला ठसका लागला. आजी इतक्या हसल्या की टबातलं पाणी फरशीवर आलं. तेव्हापासून मला पाठवल्याशिवाय त्या आंघोळीला बसत नाहीत.

एकदा माझाच सदरा चिंब भिजला. त्या म्हणाल्या, काढ तो, आजारी पडशील. मी काढला, पाठमोरा उभा राहिलो. तर म्हणतात, "रंग काय सुंदर आहे रे तुझा." मला वाटलं, चेष्टा करतात. मी घरातला काळ्या, तुम्ही मला जन्मात फिका सदरा शिवला नाहीत, रंग खुलत नाही म्हणून. चेष्टा नव्हती. त्या सहज बोलल्या होत्या, आज हवा बरी आहे म्हणावं तसं. मी त्या महिन्यात पिवळा सदरा घेतला. तयार घेतला, माफ करा. मुंढ्यात, काखेपाशी, घट्ट होतो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की मी इथे कोणाची अब्रू काढत नाही. पाठीचं काय केलंत?

तुमचा मुलगा


१६ नोव्हेंबर

ती. अण्णा,

चूक माझी आहे. ताईला एक शब्द बोलू नका.

मीच तिला फोनवर सांगितलं की एक मदतनीस बोलाव आणि आम्ही इथे करतो तसं करायला सांग. सगळे कपडे एकदम उतरवायचे, भरभर उरकायचं, आणि सतत इकडच्या तिकडच्या गप्पा मारत राहायच्या, म्हणजे माणसाला लाजायला सवडच मिळत नाही. मोठ्या तोऱ्यात सांगितलं मी. तिने बिचारीने तसं केलं. त्या मदतनिसाने तुमचा सदरा डोक्यावरून ओढला, चादर बाजूला केली आणि पावसापाण्याचं बोलायला लागला. तुम्ही तांब्या फेकलात. तो लागला ताईच्या कपाळाला. मदतनीस पळाला, ताईच्या भुवईवर टेंगूळ आलं, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात ते दुसऱ्या दिवशीपर्यंत. पाणीसुद्धा घेतलं नाहीत.

ताई सांगत होती तेव्हा मी आमच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसलो होतो. आजूबाजूला सगळे नेहमीसारखे उघडे, आणि मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. खरं म्हणजे स्वतःचा आला. इथे आलो तेव्हा आजींना आपल्याकडच्या रीतीने झाकलं आणि त्यांना लागलं. आता तुम्हाला इकडच्या रीतीने उघडं केलं आणि तुम्हाला लागलं. दोन्हीकडे मी माणसाला विचारलंच नाही. माझं चुकलं अण्णा. फार चुकलं.

काल दिवसभर हेडमास्तर डोळ्यांपुढे येत होते. आठवतात? त्यांच्या पाठीला एका बाजूने पोक होतं. सगळ्या गावाला संशय होता, पण खात्री एकट्या तुम्हाला, कारण माप तुम्ही घ्यायचात. मी समोर बसून काज करत असायचो. टेप त्यांच्या पाठीवरून फिरायची आणि तुमचे डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे असायचे. एकदाही मी तुम्हाला त्यांच्या पाठीकडे बघताना पाहिलं नाही. बोटांनी सगळं कळायचं तुम्हाला. आणि मधेच विचारायचात, "शाळेच्या नळाला पाणी येतं का हो आता?" मग दुसऱ्या बाजूला कापसाचा भर घालून तुम्ही असा कोट शिवायचात की मास्तर सरळ दिसायचे. आईने एकदा हळूच विचारलं, "खरंच पोक आहे का हो त्यांना?" तुम्ही दोरा दाताने तोडलात आणि म्हणालात, "कोट छान बसलाय." संपला विषय.

मास्तर वारले तेव्हाही तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत. मलाही नाही. मी आपला बघून शिकलो.

इथे कोणाला काय आहे, कोणाच्या अंगावर कसले वण आहेत, कोणाला रात्री चादर बदलावी लागते, हे मला ठाऊक असतं. मी कोणाला सांगत नाही. खोलीतले सोबती विचारतात तरी सांगत नाही. हे मला वृद्धाश्रमात कोणी शिकवलेलं नाही. म्हणून तुमचं ते झाकण्या-उघडण्याचं वाक्य मला मान्य नाही. आपल्या दोघांचं काम एकच आहे, असं मला वाटतं. तुम्हाला पटायची घाई नाही.

जेवा. ताईसाठी तरी जेवा.

तुमचा मुलगा


१८ नोव्हेंबर

ती. अण्णा,

वर चार ओळी खोडलेल्या दिसतील. त्यात मी लिहिलं होतं की इथे एक नवीन आजोबा आले आहेत, ते फार लाजतात, त्यांच्यासाठी एक कपडा शिवून हवा आहे. थाप होती. असे आजोबा कोणी नाहीत. तुम्हाला एका ओळीत कळलं असतं, म्हणून खोडलं.

कपडा तुमच्यासाठीच हवा आहे. मला गिऱ्हाईक समजा आणि ऐका.

आंघोळीचा सदरा. डोक्यावरून घालायचा नाही, कारण तुम्हाला नीट उठून बसता येत नाही. निजल्या निजल्या अंगाखाली सरकवता यायला हवा. मोकळा गळ्यापासून गुडघ्यापर्यंत, पण तुकड्यातुकड्यांनी उघडणारा, म्हणजे खांदा धुवायचा तर फक्त खांदा उघडेल, बाकी सगळं झाकलेलं राहील. एक तुकडा धुऊन पुसून बंद झाला की मगच दुसरा. पाठीला दोन पल्ले हवेत, एक वर, एक खाली. कुशीवर वळलात की उघडतील. कापड असं की भिजल्यावर अंगाला चिकटणार नाही. बटण नको, पाठीला टोचेल. बांधायचे बंद हवेत, नाडीसारखे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते सगळे बंद तुमच्या हाताशी यायला हवेत. पाठीचेसुद्धा. सोडणार तुम्ही, बांधणार तुम्ही. धुणारा फक्त धुवेल आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघेल. दाजींना मी तसं सांगून ठेवलं आहे. ते तसेही कमी बोलतात, त्यांना पावसापाण्याचं सुचणारच नाही.

मी चित्र काढून पाठवतो आहे. इथे कोणाला असला कपडा लागत नाही, त्यामुळे बघून काढायची सोय नव्हती. पाठीचे बंद पुढे कसे आणायचे ते मला सुटलेलं नाही. दोन रात्री कागद खराब केले. तुम्हाला सुटत नसेल तर तसं सांगा, मी इथल्या एखाद्या शिंप्याला विचारीन. इथला शिंपी म्हणजे पँट आखूड करणारा, पण बघू.

तुमचा मुलगा


२६ नोव्हेंबर

ती. अण्णा,

माझं चित्र तुम्ही ताईला वाचून दाखवलंत म्हणे! म्हणजे एकेक चूक बोटाने दाखवत. "हा मुंढा आहे का बोगदा?" असं म्हणालात. "माझ्या हाताखाली इतकी वर्षं बसला आणि याला घेर कळला नाही." ताई सांगताना हसत होती, आणि तिचं हसणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की आमच्या व्हरांड्यात मी मोठ्याने हसलो. एका आजोबांनी विचारलं, लॉटरी लागली का? मी हो म्हटलं.

मग तुम्ही जुनी चादर मागवलीत. खडू मागवलात. निजून कापड बेतलंत, छातीवर फळी ठेवून. मशीन पलंगाजवळ आणायला लावलंत आणि ताईला पुढे बसवून सगळं शिववून घेतलंत. तिने घातलेली शिवण दोनदा उसवलीत. पाठीचे बंद कुशीतून पट्टीच्या आतून पुढे आणलेत, नाडी ओवतात तसे. इतकं सोपं होतं ते! मला दहा वर्षांत सुचलं नसतं.

आणि परवा पहिली आंघोळ झाली. दाजींनी घातली. डावा खांदा, उजवा खांदा, छाती, पाय. तुम्ही एकेक बंद सोडत होतात आणि दाजी घड्याळाकडे बघत होते, इतके मनापासून की त्यांनी साबण तुमच्या कानात घातला. तुम्ही त्यांना शिवी दिलीत. ताई दाराबाहेर उभी राहून ऐकत होती आणि तिला शिवी ऐकून आनंदाने रडू आलं.

पाठीचं विचारलं मी. ती म्हणाली, वरचा पल्ला उघडला होता. खालचा नाही उघडला. त्याला टाके घातलेत म्हणे तुम्ही, आपल्या हाताने, ती झोपल्यावर. का विचारलं तर म्हणालात, "मजबुतीसाठी."

अण्णा, मी शिंप्याचा मुलगा आहे. उघडायच्या पल्ल्याला मजबुतीचे टाके कोणी घालत नाही.

मी ताईला काही बोललेलो नाही. तुम्हालाही सवाल करत नाही. त्याऐवजी परवाची एक गोष्ट सांगतो, जिची आहे तिला विचारून. बेकरीवाल्या आजींचा मुलगा त्यांच्या वाढदिवसाला येणार होता. आला नाही. फोन आला, काम निघालं म्हणून. मी त्यांना टबात बसवलं, पाठीवर पाणी घालत होतो. त्यांना कशाचीच लाज नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे. नातीसमोर, माझ्यासमोर, खिडकी पुसणाऱ्यासमोर, कोणासमोर नाही. पण त्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "तोंड फिरव."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तिकडे बघ. मी सांगेपर्यंत वळू नकोस."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. त्या रडत होत्या. आवाज न करता, पण पाणी हलत होतं त्यावरून कळत होतं. अंग उघडं टाकून बसलेली बाई, आणि डोळ्यांतलं पाणी माझ्यापासून लपवत होती. नंतर म्हणाल्या, "झालं. वळ." मी वळलो आणि केस धुतले. आम्ही त्यावर बोललो नाही.

मला आई गेली तो दिवस आठवला. तुम्ही भर रस्त्यात, सगळ्या आळीसमोर, मोठ्याने रडला होतात. सदऱ्याची बाही तोंडाला लावून, लहान मुलासारखे. तेव्हा तुम्हाला कोणाची लाज वाटली नाही. आजींना हे मी सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. "रस्त्यात?" म्हणाल्या. "लोकांसमोर?" त्यांना ते इतकं अवघड वाटलं की त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना भेटायला आवडलं असतं मला. त्यांनी मला रडायला शिकवलं असतं, मी त्यांना आंघोळ करायला." मी म्हटलं, आजी, अण्णा तांब्या फेकून मारतात. त्या म्हणाल्या, मलाही नेम धरता येतो.

तर मी तोंड फिरवून उभा आहे, अण्णा. खालच्या पल्ल्याखाली काय आहे ते मला दिसत नाही आणि तुम्ही बोलावल्याशिवाय मी वळणार नाही. पण फार दिवस थांबता येईल असं ते नसतं. मी अशा पाठी पाहिल्या आहेत. लवकर पाहिल्या तर बऱ्या होतात, उशिरा पाहिल्या तर होत नाहीत. रजेचा अर्ज मेट्रनबाईंकडे दिला आहे. त्यावर तारीख घातलेली नाही.

तुमचा मुलगा


२९ नोव्हेंबर

चिरंजीवास आशीर्वाद.

ताई बाजारात गेली आहे. शेजारच्या मुलीला बोलावलं आहे, ती याचा फोटो काढून पाठवेल. ताईला वाचायला देऊ नये, असं तिला सांगितलं आहे.

तुझी पत्रं मिळाली. अक्षर बिघडलं आहे.

सदरा ठीक झाला. चादरीचं कापड पाणी फार धरतं, दुसरा शिवीन तो पातळ कापडाचा. डाव्या कुशीची पट्टी अर्धा इंच जास्त झाली, ती ताईची चूक. जावई माणूस चांगला आहे. पण पाणी ओतायला घाबरतो. चार थेंब टाकतो आणि थांबतो. तरी त्या रात्री झोप लागली. बरेच दिवसांनी लागली.

पिवळा सदरा मुंढ्यात घट्ट होतो म्हणतोस. तयार कपड्याचं तसंच असतं. छाती, खांदा आणि बाही यांचं माप पाठव. स्वतः घेऊ नकोस, वाकून घेतलं की चुकतं. तिथल्या कोणाकडून तरी घे. पिवळाच शिवीन.

मास्तरांचं तू कोणाला बोलला नाहीस, हे मला माहीत नव्हतं. तुला दिसलं होतं हेच माहीत नव्हतं.

आता मुद्द्याचं. पाठीला खाली, कमरेच्या हाडावर, जखम आहे. दवाखान्यातून आलो त्या आठवड्यात आग व्हायला लागली. मला वाटलं, बरी होईल. आता हात लावला की ओलं लागतं. आरसा धरून बघायचा प्रयत्न केला, दिसत नाही. ताईला दाखवणार नाही, ती मुलगी आहे. जावयाला दाखवणार नाही, तो परका नसला तरी जावई आहे. त्या मदतनिसाने बघितली असेल, तो पळाला ते तांब्यामुळे की त्यामुळे, देव जाणे. डॉक्टरला दाखवावी लागेल, हे कळतं मला. दाखवीन. पण एकट्या डॉक्टरला नाही. तू शेजारी उभा असशील तर.

तू इतक्या लोकांचं पाहतोस. कोणाला सांगत नाहीस, असं लिहिलं आहेस. मी ते दोनदा वाचलं.

कडीबिडी काही लावत नाही. खालच्या पल्ल्याचे टाके आज सकाळी उसवून ठेवले आहेत. अर्जावर तारीख घाल. तू ये आणि बघ.

अण्णा